पुराच्या हिशेबाने बांधलेले गाव : वाई

पुणे-सातारा महामार्गावरून सुरूर फाट्याला वळून पाचगणी-महाबळेश्वरकडे निघालेल्या बहुतेक प्रवाशांच्या लेखी वाई म्हणजे पसरणीचा घाट चढण्यापूर्वी चहासाठी थांबण्याचे ठिकाण असते, आणि थोडा अधिक वेळ हाताशी असेल तर ढोल्या गणपतीचे दर्शन उरकून गाडीत परत बसण्याचे. सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे हे लहानसे गाव 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाते, तथापि ही उपाधी महाराष्ट्रात आणखीही काही क्षेत्रांना लावली जात असल्याने तिच्यावरून वाईचे वेगळेपण कळत नाही. ते वेगळेपण देवळांच्या संख्येतही नाही. अठराव्या शतकात येथे ज्यांनी बांधले त्यांनी कृष्णा नदी ही केवळ पवित्र मानली नाही, तर दर पावसाळ्यात दाराशी येणारी एक प्रत्यक्ष शक्ती म्हणून तिचा हिशेब धरला. घाटाची पायरी किती खाली न्यायची, देवळाची कोणती भिंत जाड करायची, वाडा काठापासून किती मागे ठेवायचा, हे सारे निर्णय पाण्याकडे पाहून झाले. त्यामुळे वाईची वास्तू पाहताना ती कोणी आणि केव्हा बांधली एवढे विचारून भागत नाही, पाणी कोठपर्यंत येते हेही विचारावे लागते.

महाबळेश्वरच्या पठारावर, क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगेच्या देवळात, कृष्णेसह पाच नद्यांचा उगम मानला जातो. तेथून डोंगरांमधल्या चिंचोळ्या खोऱ्यातून पूर्वेकडे वाहत आलेली कृष्णा धोम, मेणवली आणि वाई अशी एकामागून एक तीन ठिकाणे ओलांडते व पुढे साताऱ्याजवळ क्षेत्र माहुली येथे वेण्णेला मिळते. बंगालच्या उपसागरापर्यंतच्या सुमारे १४०० किलोमीटरच्या प्रवासात वाई हा अगदी आरंभीचा टप्पा आहे, म्हणजे नदी येथे अजून रुंद झालेली नाही, परंतु सह्याद्रीच्या माथ्यावरचा प्रचंड पाऊस थोड्याच अंतरात खोऱ्यात उतरत असल्याने तिचे पाणी चढते मात्र झपाट्याने. उन्हाळ्यात पात्रातल्या खडकांवरून सहज पलीकडे जाता यावे आणि श्रावणात तेच पात्र काठोकाठ भरून घाट गिळून टाकावे, हा या गावाचा जुना अनुभव आहे.

वाईला लोकपरंपरा महाभारतातील विराटनगरी मानते. पांडवांचा अज्ञातवास येथे झाला असे सांगितले जाते, जवळच्या पांडवगड आणि वैराटगड या किल्ल्यांची आणि गावातल्या भीमकुंडाची नावे त्या समजुतीला पोषक ठरतात. इतिहासाच्या दृष्टीने याला आधार नाही, पण गावाने स्वतःकडे पाहण्याची ही एक रीत आहे, एवढे लक्षात घेऊन पुढे जावे. लिखित इतिहासात वाई ठळकपणे येते ती आदिलशाहीच्या काळात, एका सुभ्याचे ठाणे म्हणून. अफझलखान काही वर्षे या भागाचा सुभेदार होता आणि १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून आला तेव्हा त्याने तळ दिला तो वाईलाच, कारण मुलूख त्याच्या परिचयाचा होता आणि फौजेला दाणागोटा मिळण्याजोगे हे सपाट, सुपीक खोरे होते. येथूनच तो जावळीच्या अरण्यात उतरला आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला. या प्रसंगाची एक खूण वाईच्या धार्मिक जीवनात अजून आहे, ती पुढे येईल.

आज जी वाई पाहायला मिळते तिचा दगड मात्र शिवकाळातला नाही, तो पेशवाईच्या उत्तरार्धातला आहे, आणि त्यामागचे कारण एका सोयरिकीत आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या रास्ते घराण्यातल्या. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव यांच्या या मातोश्रींचे माहेर असल्यामुळे रास्ते घराणे सावकारी आणि सरदारी या दोन्ही वाटांनी वर आले, पुण्याच्या दरबाराशी त्याचे नाते घट्ट झाले आणि मोहिमांतून व महसुलातून मिळालेल्या संपत्तीचा एक मोठा वाटा गावाकडच्या नदीकाठावर खर्च होऊ लागला. १७५७ ते १७८४ या जेमतेम तीन दशकांत वाईत एकापाठोपाठ एक देवळे उभी राहिली. त्या काळी देऊळ आणि घाट बांधणे हे पुण्यकर्म होतेच, पण त्याचबरोबर ते घराण्याच्या प्रतिष्ठेचे जाहीर प्रदर्शन होते आणि पाथरवट, गवंडी, चुनेवाले यांना वर्षानुवर्षे काम पुरवणारी मोठी उलाढालही होती. एकाच घराण्याने, एकाच गावात, एवढ्या थोड्या काळात आणि बहुधा त्याच कारागिरांच्या परंपरेकडून करवून घेतलेले काम असल्यामुळे वाईच्या मंदिरांना एक कुलसाम्य आहे: खालचे अंग काळ्या बेसॉल्टचे, म्हणजे सह्याद्रीच्या अग्निजन्य खडकाचे, साधे आणि भरभक्कम, तर वरचे शिखर विटांचे व चुन्याचे, कोनाड्यांनी व चुनेगच्चीतल्या मूर्तींनी नटलेले. दगडाचे वजन पुराला तोंड देते आणि विटांचे हलके काम उंची गाठते, असा हा व्यवहारी मेळ आहे. सभामंडपाच्या महिरपी कमानींत मोगली वळण उघड दिसते आणि ते कोणी लपवलेलेही नाही. पेशवाईतल्या बांधकामाने उत्तरेकडून जे आवडले ते निःसंकोच घेतले.

या सर्वांत गणपतीचे देऊळ नदीच्या सर्वांत जवळ आहे, किंबहुना ते नदीतच आहे असे म्हटले तरी चालेल. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये ते बांधले आणि त्याला त्या काळी सुमारे दीड लाख रुपये खर्च आला असे ब्रिटिशकालीन गॅझेटियर नोंदवते. गाभाऱ्यातली मूर्ती एकाच दगडातून घडवलेली, प्रचंड आणि अंगाने स्थूल असल्यामुळे गावाने देवाला 'ढोल्या' हे घरगुती नाव दिले आणि तेच रूढ झाले. बहुतेक भाविक समोरून येतात, दर्शन घेतात आणि समोरूनच परत जातात. त्यामुळे या वास्तूचा सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग त्यांच्या नजरेस पडत नाही. तो पाहण्यासाठी देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला, घाटाच्या पायऱ्यांवर उतरून उभे राहावे लागते. येथे गाभाऱ्याची मागची भिंत इतर देवळांसारखी सपाट नाही. ती दोन्ही बाजूंनी निमुळती होत जाऊन मध्यभागी एका धारेत मिळते, आणि म्हणून तिला मत्स्याकार, म्हणजे माशाच्या आकाराची, म्हणतात. पुराचे पाणी सपाट भिंतीवर आदळले तर त्याचा सारा रेटा त्या भिंतीवर येतो, शिवाय भिंतीपुढे भोवरे उठून पायाखालची माती उकरली जाते. धार असलेल्या भिंतीवर तेच पाणी दुभंगते आणि दोन्ही अंगांनी सरकून पुढे निघून जाते. नावेचा पुढचा भाग निमुळता का असतो याचे जे कारण, तेच येथे उलटे लागू पडते, कारण नाव पाण्यातून जाते आणि येथे पाणी देवळाजवळून जाते. धार्मिक वास्तूच्या रूढ आराखड्यात असा बदल करायला यजमानाने मान्यता दिली आणि कारागिराने तो शिखराचा तोल न बिघडवता साधला, ही गोष्ट वाईच्या इतर कोणत्याही कोरीव कामापेक्षा अधिक कौतुकाची मानली पाहिजे. अडीचशेहून अधिक पावसाळे या देवळाने काढले आहेत, आणि अतिवृष्टीच्या वर्षी मंदिराच्या आवारात पाणी शिरल्याच्या बातम्या आजही येतात.

गणपतीच्या देवळापासून काही पावलांवर काशी विश्वेश्वराचे देऊळ आहे. ते आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये, म्हणजे गणपतीच्या देवळाच्या आधी पाच वर्षे बांधले. हे नदीपासून थोडे मागे आणि उंचावर असल्याने त्याला पाण्याशी झुंजावे लागत नाही, आणि म्हणून ते अधिक निवांतपणे मांडलेले आहे: भोवती तटासारखी उंच भिंत, आत फरसबंदी अंगण, दोन दीपमाळा, पुढे नंदीमंडप आणि मग सभामंडप व गाभारा. दीपमाळ म्हणजे उत्सवाच्या रात्री पणत्या लावण्यासाठी हात काढलेला दगडी स्तंभ. महाराष्ट्रातल्या देवळांपुढे ती सर्रास दिसते, पण तिचा निमुळता होत जाणारा घाट सर्वत्र सारखा साधलेला नसतो. येथील नंदी काळ्या गुळगुळीत दगडाचा आहे आणि त्याच्या गळ्यातली घंटांची माळ इतक्या बारकाईने कोरलेली आहे की तिच्यातली एकेक घंटा वेगळी मोजता येते. पाहणाऱ्याने येथे थोडे खाली वाकावे, कारण नंदीच्या पाठीवरून घाईने हात फिरवून पुढे सरकणाऱ्याला ही माळ दिसतच नाही.

विष्णूचे देऊळ १७७४ मधले, महालक्ष्मीचे १७७८ मधले आणि उमामहेश्वराचे पंचायतन १७८४ मधले. पंचायतन म्हणजे मध्ये मुख्य देवता आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळे अशी मांडणी. वेळ कमी असेल तर या तिन्हींपैकी महालक्ष्मीचे देऊळ निवडावे; त्याच्या दगडी कामाचे प्रमाण अधिक नेटके आहे. रास्त्यांची मोतीबाग ही गावाबाहेरची वास्तू तेथील भित्तिचित्रांसाठी अभ्यासकांना माहीत आहे, परंतु सर्वसामान्य प्रवाशाने तिच्या शोधात वेळ घालवण्यापेक्षा तो घाटांवर द्यावा असे सुचवावेसे वाटते.

कारण वाईचे खरे सार्वजनिक दालन म्हणजे तिचे घाट. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड या आळ्यांना नदीवर स्वतःचे घाट आहेत. आळी म्हणजे जुन्या गावातली एकेक वस्ती, जिचा आपला देव, आपला उत्सव आणि आपला पाणवठा असे. नळ येण्यापूर्वी पिण्याचे पाणी, स्नान, धुणे, श्राद्धकर्म आणि संध्याकाळच्या गप्पा या सर्वांची जागा एकच होती, आणि पायऱ्यांच्या रचनेत त्याचा विचार दिसतो. वरच्या बाजूला रुंद टप्पे, म्हणजे बसण्याची व जमण्याची जागा. खाली उतरत जाणाऱ्या अरुंद पायऱ्या, म्हणजे पाणी कितीही आटले वा चढले तरी कोणत्या ना कोणत्या पायरीवर पाण्याशी पोहोचता यावे अशी सोय. पायऱ्यांचे दगड पुरात निखळू नयेत म्हणून ते चांगले खोल आणि एकमेकांत बसवलेले आहेत. अलीकडच्या काळात काही ठिकाणी डागडुजी सिमेंटने झाली आहे, आणि ती कोठे झाली हे सांगावे लागत नाही, कारण जुना दगड पावसाने काळा व गुळगुळीत होत जातो आणि सिमेंट काही वर्षांतच भेगाळते. गावाचे सांडपाणी आणि पूजेचे निर्माल्य पात्रात जाते हाही घाटावर डोळ्यांना दिसणारा भाग आहे. तो नजरेआड करून वाईचे वर्णन करणे प्रामाणिक होणार नाही.

गावापासून सुमारे तीन किलोमीटर वरच्या अंगाला मेणवली आहे, आणि तेथे रास्त्यांऐवजी बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे नाना फडणवीस (१७४२–१८००), यांचे राज्य लागते. फडणवीस हा दरबाराच्या हिशेबाचा आणि दप्तराचा प्रमुख अधिकारी. नानांच्या हाती हा हुद्दा पुढे पेशवाईच्या प्रत्यक्ष कारभाराचे केंद्र बनला आणि नारायणरावांच्या खुनानंतर उभ्या राहिलेल्या बारभाईंच्या कारस्थानात ते सूत्रधार ठरले. मेणवली हे गाव त्यांना १७६८ मध्ये औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी यांच्याकडून इनाम मिळाले, म्हणजे तेथील महसुलाचा हक्क वंशपरंपरेने त्यांना देण्यात आला. तेथे त्यांनी वाडा, घाट आणि मेणेश्वर व विष्णू यांची देवळे बांधून घेतली.

वाडा सहा चौकांचा आहे. चौक म्हणजे चारी बाजूंनी खोल्या व ओसऱ्या असलेले उघडे अंगण, आणि चौकांची संख्या हे त्या काळी घराच्या ऐश्वर्याचे माप होते. बाहेरच्या चौकात कारभार आणि येणीजाणी, मधल्यात कुटुंबाचा वावर, आतल्यात स्वयंपाक आणि स्त्रियांचे जग, असा उघडपणाकडून खासगीपणाकडे जाणारा क्रम अशा वाड्यांत असे. सागवानी खांब, जाड भिंती आणि दिंडीदरवाजा यांमुळे पुण्यातल्या जळून गेलेल्या वा पाडल्या गेलेल्या वाड्यांची कल्पना करायची तर आज मेणवलीलाच यावे लागते. शनिवारवाड्याचे जोते उरले, नानांचा पुण्यातला वाडा अंशतः उरला. येथे मात्र छप्पर, माड्या, भिंतींवरची चित्रे यांसह एक समग्र घर टिकले, याचे श्रेय वास्तू सांभाळणाऱ्या वंशजांना द्यावे लागेल. भिंतींवरची देवादिकांची चित्रे ओल्या गिलाव्यावरच्या आणि नैसर्गिक रंगांच्या जुन्या पद्धतीची असून काही ठिकाणी पुसट झाली आहेत. चित्रांजवळ हात लावू नये, एवढी अपेक्षा येणाऱ्याकडून वाजवी आहे.

नानांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी जिऊबाई यांच्या वाट्याला बरीच वणवण आली आणि अखेरीस त्यांचे पुढचे आयुष्य या मेणवलीत गेले. वाड्यात राहिलेल्या कागदपत्रांचा संग्रह 'मेणवली दप्तर' म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या 'इतिहाससंग्रह' मासिकातून त्यातले बरेचसे कागद प्रसिद्ध केले आणि उत्तर पेशवाईच्या अभ्यासाला त्यामुळे नवा पाया मिळाला. हिशेबनीस माणसाने कागद जपून ठेवले होते, म्हणून त्याच्या काळाचा हिशेब पुढच्यांना मांडता आला.

वाड्याच्या मागच्या दरवाजाने उतरले की चंद्रकोरीसारखे वळण घेतलेला घाट लागतो आणि त्याच्या बाजूला एका लहान दगडी मंडपात टांगलेली घंटा दिसते. मेणवलीत एकच वस्तू पाहायची असेल तर ती ही. पंचधातूची, सुमारे ६५० किलो वजनाची ही घंटा देवळासाठी ओतलेलीच नाही: तिच्यावर बालक येशूला घेतलेल्या मेरीची उठावातली आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हा तेथील चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि विजयाची खूण म्हणून त्या निरनिराळ्या देवस्थानांना अर्पण झाल्या. भीमाशंकर आणि नाशिकचा नारोशंकर येथेही अशा घंटा आहेत. मेणवलीची घंटा तिच्यावरची आकृती खरवडून न काढता तशीच टांगली गेली, आणि महादेवाच्या देवळापुढे मेरीची मूर्ती असण्यात कोणालाही काही विसंगत वाटले नाही, हे त्या काळाच्या मनोवृत्तीबद्दल पुष्कळ सांगते. तिला केवळ लुटीची वस्तू म्हणणे अपुरे आहे आणि धार्मिक सलोख्याचे प्रतीक म्हणणे तर सरळ चुकीचे. ती एका कठीण वेढ्याच्या यशाची आठवण होती आणि तिचा नाद चांगला होता, म्हणून ती देवाला दिली गेली. या घाटावर आणि वाड्यात अनेक हिंदी चित्रपटांचे चित्रीकरण झाले असून २००४ मधल्या 'स्वदेस'मुळे तो देशभर ओळखीचा झाला. तेव्हापासून येणाऱ्यांमध्ये नानांचे घर पाहायला येणारे किती आणि पडद्यावरचे गाव शोधायला येणारे किती, याचा अंदाज छायाचित्रे कोठे काढली जातात यावरून सहज बांधता येतो.

मेणवलीच्या आणखी वर धोम आहे. तेथील देवालयाच्या आवारात नरसिंह आणि महादेव अशी दोन्ही दैवते असून महादेवापुढचा नंदी पाहण्यासारखा आहे: तो कमळाच्या आकाराच्या दगडी हौदात, कासवाच्या पाठीवर उभारलेल्या मंडपात बसवला आहे. हौद पाण्याने भरला की कासव पोहत असल्याचा भास व्हावा असा योजकाचा हेतू असावा. हे काम अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या एका सावकाराने करवले. म्हणजे कृष्णाकाठावर पैसा ओतण्याचा हक्क सरदार-मुत्सद्द्यांनी स्वतःपुरता राखून ठेवला नव्हता. याच गावाच्या नावाचे धरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णेवर झाले. सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट साठवणक्षमतेच्या या मातीच्या धरणाने खालच्या तालुक्यांना कालव्यांचे पाणी दिले, ऊस वाढवला, आणि वाईच्या नदीचे वेळापत्रक बदलून टाकले. आता घाटावर पाणी किती असेल हे डोंगरावरच्या पावसाइतकेच धरणाच्या दरवाजांवर अवलंबून आहे. गणपतीच्या देवळाची धारदार भिंत ज्या नदीसाठी घडवली गेली ती नदी आता तशी मोकळी राहिलेली नाही. ऐतिहासिक गाव पाहताना हा बदल ध्यानात घेतला नाही तर अर्धीच गोष्ट कळते.

दगडाइतकीच जुनी वाईची दुसरी कीर्ती विद्येची आहे. पेशव्यांच्या आणि रास्त्यांच्या आश्रयाने येथे शास्त्री-पंडितांची घरे वसली आणि संस्कृत अध्ययनाची परंपरा रुजली. आश्रय गेल्यावर अशा परंपरा बहुतेक ठिकाणी सुकल्या, वाईत मात्र तिने रूप पालटले. नारायणशास्त्री मराठे, जे पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले, यांनी येथे प्राज्ञपाठशाळा उभारली. वेद, मीमांसा आणि धर्मशास्त्र शिकवणाऱ्या या पाठशाळेचे वैशिष्ट्य असे की तिच्यातून बाहेर पडलेले पंडित परंपरेचे नुसते रक्षक न राहता तिचे कठोर परीक्षक झाले. विनोबा भावे काही काळ येथे अध्ययनासाठी राहिले. लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) येथेच शिकले, १९२३ मध्ये कलकत्त्याहून 'तर्कतीर्थ' ही न्यायशास्त्राची पदवी घेऊन आले, आणि अस्पृश्यतेला धर्मशास्त्राचा आधार नाही हे धर्मशास्त्राच्याच भाषेत मांडणाऱ्या पंडितांत अग्रभागी राहिले. 'वैदिक संस्कृतीचा विकास' या त्यांच्या ग्रंथाला १९५५ मध्ये साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पहिला पुरस्कार मिळाला. पाठशाळेने हाती घेतलेला 'धर्मकोश', म्हणजे धर्मशास्त्रातील वचनांचे विषयवार संकलन, अनेक खंडांत आणि अनेक दशकांत विस्तारत गेला. 'नवभारत' हे वैचारिक मासिकही पाठशाळेच्या आश्रयाने वाईहून निघत राहिले.

मराठी विश्वकोशाचे कार्यालय मुंबई-पुणे सोडून या नदीकाठच्या गावात का, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या शासनाने साहित्य संस्कृती मंडळ नेमले, तर्कतीर्थ त्याचे अध्यक्ष झाले आणि विश्वकोशाचे काम त्यांच्या गावी, जेथे ग्रंथालय होते आणि ग्रंथ वाचू शकणारी माणसेही होती, तेथे सुरू झाले. १९७६ मध्ये पहिला खंड आला आणि विसावा २०१५ मध्ये. अणुभौतिकीपासून झाडाझुडपांपर्यंत प्रत्येक विषयाला मराठी परिभाषा शोधण्याचे, लेखकांशी पत्रव्यवहार करण्याचे आणि नोंदी तपासण्याचे हे काम काही पिढ्यांच्या संपादकांनी वाईत बसून केले. विश्वकोशाचे कार्यालय ही प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत न येणारी जागा आहे आणि त्या इमारतीत पाहण्यासारखे विशेष काही नाही. पण ज्याच्या घरी ते जाडजूड खंड आहेत त्याला ते कोठे तयार झाले हे पाहण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे.

याहून कितीतरी जुना, आणि कमी लोक जातात असा एक थर वाईच्या उत्तरेला काही किलोमीटरवर लोहारे गावाजवळच्या डोंगरात आहे. पालपेश्वर नावाने ओळखली जाणारी ही बौद्ध लेणी रास्त्यांच्या देवळांपेक्षा दीड हजारांहून अधिक वर्षांनी प्राचीन आहेत. विहार म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या आणि चैत्य म्हणजे स्तूप असलेले उपासनेचे दालन, ही दोन्ही येथे साध्या, अलंकारविरहित रूपात दिसतात. मुख्य लेण्यातल्या स्तूपाचा वरचा भाग नाहीसा झाला असून उरलेल्या दगडाची आज शिवलिंग म्हणून पूजा होते. भिक्षूंनी ही जागा निवडली ती कोकणातून घाट चढून येणाऱ्या व्यापारी वाटांचा आसरा पाहून, आणि पुढे सुभा, फौज व सावकारी याच खोऱ्यात आली तीही बव्हंशी त्याच वाटांनी. पावसाळ्यात हा डोंगर निसरडा होतो, तेव्हा लेणी पाहायची तर हिवाळा बरा.

हिवाळा सरता सरता, माघापासून, कृष्णाबाईचे उत्सव सुरू होतात. अफझलखानाचे संकट टळावे म्हणून नदीला नवस बोलला गेला आणि तो फळल्यावर उत्सवाची प्रथा पडली, असे परंपरा सांगते. भीमकुंड आळीपासून आरंभ होऊन एकेक आळी आपल्या घाटावर मांडव घालते, कृष्णाबाईची मूर्ती तेथे बसते आणि कीर्तन, प्रवचन, भोजनावळी चालतात. मग देवी पुढच्या आळीकडे जाते. नदीला घरची लेक किंवा आई मानून तिला काही दिवस पाहुणचाराला बोलावण्याची ही रीत आहे, आणि घाटाचे रुंद टप्पे कशासाठी ठेवले होते हे या दिवसांत सांगावे लागत नाही. दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला म्हणजे गंगा कृष्णेच्या भेटीला येते असे मानतात आणि त्या 'कन्यागत' पर्वकाळात येथे स्नानासाठी मोठी गर्दी लोटते. मागचे कन्यागत २०१६ मध्ये झाले, पुढचे २०२८ मध्ये येईल. देवळांचे दगडकाम निरखण्याची इच्छा असलेल्याने ते वर्ष टाळावे, आणि ज्याला घाट भरलेले पाहायचे आहेत त्याने मुक्कामाची सोय बरीच आधी करून ठेवावी.